मामीची चूल बंद करायला निघालेल्यांना

मंडळी, घरातलं भांडण चारचौघांत आणू नये, एवढं मलाही कळतं. पण गेले पंधरा दिवस आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चाललंय, ते फक्त आमच्याच घरात चालत असेल असं मला वाटत नाही. म्हणून लिहितोय. नाव कुणाचंच घेत नाही. ज्याचं त्याला कळेल.

विषय साधा आहे. आमचं आजोळ पेडण्यातलं इब्रामपूर. महिन्या-दोन महिन्यांनी एका रविवारी आम्ही मावसभावंडं, मामेभाऊ, बायकापोरं तिथे जमतो. कोणी पर्वरीहून, कोणी फोंड्याहून, एक मामेभाऊ तर पुण्याहून. मामा २०१७ साली गेले, त्यानंतर घरात मामी एकटीच. यंदा ग्रुपवर प्रस्ताव आला: आता मामीकडे नको. ती ७२ वर्षांची झाली, गुडघे दुखतात, चौदा-पंधरा माणसांचं जेवण तिला झेपत नाही. त्यापेक्षा किनाऱ्याकडे एखादं रिसॉर्ट घेऊ, मामीलाही गाडीत घालून नेऊ, तिलाही जरा आराम. खाली धडाधड अंगठे पडले. माझा पडला नाही, तर लगेच विचारणा: तुझा काय प्रॉब्लेम आहे?

माझा प्रॉब्लेम हा की मामीला कोणी विचारलंच नव्हतं. मी फोन लावला. सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मागीर येवन करतले कितें?"

मग येऊन करणार काय? या प्रश्नाला त्या ग्रुपवर अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

आता खरं ते सांगतो. प्रस्ताव मांडणारा अर्धा बरोबर आहे. मामी रविवारी पहाटे साडेचारला उठते. आदोळीवर बसून सहा-सात नारळ खवते, आणि तेही त्या गुडघ्यांनी. उकड्या तांदळाचा भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण, शाकाहारी सुनेसाठी वेगळं खतखतं, मुलांना तिखट चालत नाही म्हणून वेगळी डाळ, सोलकढी. आम्ही अकराला पोचतो. पायऱ्यांवर चपला, ओसरीवर खुर्च्या, "मामी, चहा आहे का गं?" दीड वाजता पुरुष आणि मुलं जेवतात, तीनला बायका, आणि मामी जेवते कधी ते मी अठ्ठावन्न वर्षांत पाहिलेलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण पाहिलेलं नाही. चारला ओसरीवर मोपाच्या गप्पा. २०२३ च्या जानेवारीत तिथून विमानं उडायला लागल्यापासून आमच्याकडे जेवणानंतर सुपारीच्या जागी जमिनीचा दर येतो. "काय भाव चाललाय गं इकडे?" हे मामीच्या ओसरीवर बसून, मामीच्या कुळागराकडे बघत, मामीला विचारायचं! मग निघताना डिकीत नारळ, सोलां, भोपळा, पिकलेला फणस.

आणि पैसे? मामीला दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २००० रुपये मिळतात. मुलगे पाठवतात, नाही असं नाही. पण रविवारची मासळी ती स्वतःच्या पैशांनी आणवते, कारण पाहुण्यांकडून मासळीचे पैसे घ्यायचे म्हणजे तिला मरण. इसवण आणवली तर तिची योजना त्या एका दुपारी संपते. आमच्यातला एक जण तर जेवल्यावर हात धुताना दर वेळी म्हणतो, अशी चव हॉटेलात कितीही पैसे मोजले तरी मिळायची नाही. अरे बाबा, मग थोडे इथे मोज ना!

तर त्रास खरा आहे. पण गंमत बघा. हा त्रास चाळीस वर्षं कोणाला दिसला नाही. आता दिसला, तर त्यावर उपाय काय? आपण उठून नारळ खवणं हा उपाय कोणाला सुचला नाही. सुचलं ते मामीला स्वयंपाकघरातून उचलून स्विमिंग पूलच्या काठावर ठेवणं. तिथे ती साडीचा पदर सावरत प्लास्टिकच्या खुर्चीत बसणार, बुफेतल्या पनीरकडे बघणार, आणि आम्ही फोटो टाकणार: "मामीचा आरामाचा दिवस." ज्याने आजवर चहाचा कप विसळला नाही, तो बाईच्या कष्टांवर भाषण करतो तेव्हा मला संशय येतो. कष्ट तिचे वाचवायचेत की लाज आपली, हे आधी ठरवूया.

मला शिरवळ्यांची गोष्ट सांगायची आहे. आम्ही लहान असताना, सत्तरच्या दशकात, म्हापशाहून कारेरीने निघायचं आणि शेवटची वाट चालत काढायची. पाय दुखायचे, पण वास येईल म्हणून नाक पुढे. मे महिन्यात शिरवळे ठरलेले. तांदळाच्या पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबायचे. थंड झाला की गोळा दबत नाही. खाली ताटात शेवया पडतात, वर नारळाच्या दुधाचा रस, गूळ, वेलची. गेली कित्येक वर्षं आम्ही कुरकुरतोय की मामी आता शिरवळे करत नाही, आळस आला असेल, वय झालं. गेल्या महिन्यात मी सहज माळ्यावर चढलो तर साचा तिथे, कागदात नीट गुंडाळलेला. विचारलं. ती म्हणाली, दाबायला दुसरा माणूस लागतो. मामा दाबायचे.

एवढंच. ओसरीवर चौदा माणसं बसलेली असायची, त्यातली सात तरी तरणीताठी, जिमला जाणारी. आणि साचा माळ्यावर, कारण दाबायला माणूस नाही. आम्ही आत कधी गेलोच नाही तर तिने कोणाला हाक मारायची? पाहुण्याला कामाला लावायची रीत तिच्यात नाही आणि पाहुणेपण सोडायची अक्कल आमच्यात नाही.

एकदाच उलटं झालं होतं. २०१९ च्या ऑगस्टात तिळारीचं पाणी चढलं. इब्रामपूर, हणखणे, चांदेल, पलीकडे साळ, सगळीकडे दाणादाण. मामीच्या परसात गुडघाभर पाणी, सरपण भिजलेलं, सिलिंडर आडवा. पाणी ओसरल्यावर मी आणि बायको पर्वरीहून पेजेचं भांडं, सुक्या बांगड्याची किसमूर आणि लोणच्याची बरणी घेऊन गेलो. बायकोने वाढलं. मामी पाटावर बसली आणि जेवली. पहिल्यांदा आमच्या आधी जेवली! मीठ कमी आहे म्हणाली, तेही बरोबर होतं. त्या दिवशी तिने दोनदा पेज मागून घेतली. तेव्हाच आम्हाला धडा मिळायला हवा होता. आम्ही फोटो काढला आणि पुढच्या चतुर्थीला परत ओसरीवर जाऊन बसलो.

ग्रुपवर मला "जुनाट" म्हटलं गेलं. बाईला चुलीशी बांधून ठेवायची तुमची मानसिकता, असंही एक भाचरू म्हणालं. तिचा राग मला आवडला, खरंच. पण बेटा, मामीला चूल नको असेल तर ते मामी सांगेल. तिने सांगितलं तर मी स्वतः हॉटेल बुक करतो, पहिले पैसे माझे. तिने तसं सांगितलेलं नाही. तिला माणसं हवी आहेत, तीही तिच्या घरात, तिच्या पद्धतीने बनलेलं जेवताना. फक्त ते सगळं एकटीने बनवायला नको आहे. या दोन गोष्टींतला फरक समजायला फार शिक्षण लागू नये.

आणि दुसरं, जे ग्रुपवर कोणी बोलत नाही ते मी बोलतो. आमच्याकडे कितीतरी घरांना आता कुलूप आहे. एकेका घराचं कसं झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आधी रविवारचं येणं चतुर्थीवर आलं. मग गणपतीच शहरातल्या फ्लॅटमध्ये नेला. मग माटोळी बांधायला कोणी नाही, मग कौलं उतरली, मग बाहेरगावचा माणूस टेप घेऊन परसात उभा. रिसॉर्टमध्ये दोन वर्षं जमलो की तिसऱ्या वर्षी इब्रामपूरला जायचं कारण काय उरणार? आणि ज्यांनी प्रस्ताव मांडला त्यांना हे कळत नाही, असं मी मानत नाही. ओसरीवर भाव विचारणारे तेच होते.

माझं म्हणणं लांबलं. मी ग्रुपवर जे टाकलंय तेच इथे टाकतो. येत्या खेपेला मी शनिवारी संध्याकाळीच निघतोय. मासळी म्हापशाहून साफ करून, बर्फात. कोलवाळचा पूल, धारगळ, कासारवर्णे, चांदेल, हसापूर, अंधार पडायच्या आत पोचायचं. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. ज्याला यायचं त्याने यावं, पण खुर्ची शोधत येऊ नये. आदोळी एकच आहे, ती मी घेतलीय. साचा मी माळ्यावरून उतरवून धुऊन ठेवलाय, मामीने त्याला तेलाचा हात फिरवलाय. दाबायला एक तरणा माणूस हवा. पुण्याच्या मामेभावाने अजून निळी टिकसुद्धा दिलेली नाही.