किल्ली कोणाकडे?



हिवाळ्याची सुट्टी जवळ आली, की आपल्या मराठी वर्गाबाहेर एकच विषय असतो : तिकीट केवढ्याला मिळालं, बॅगा किती, आणि पुण्यात कोणाचं लग्न आहे. मुलं आत बाराखडी गिरवतात आणि आम्ही पालक बाहेर चहा पीत किलोंचा हिशोब करतो. बॅगेत काय न्यायचं ह्याची यादी प्रत्येकाकडे असते. मागे राहणाऱ्या घराची यादी मात्र 'दिवे बंद, गॅस बंद, कुलूप' इथेच संपते. ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हाला आहे, कारण आमची फजिती झालेली आहे.

गोष्ट 2022 च्या डिसेंबरातली. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. थर्मोस्टॅट फोनवर, दाराचं कुलूप फोनवर, कॅमेरे चार. पोस्टाला टपाल थांबवायला सांगितलं, फ्रिज रिकामा केला आणि मोठ्या ऐटीत विमानात बसलो. 22 तारखेला इकडे थंडीची लाट आली आणि पारा 15 अंश फॅरनहाइटच्या (उणे 9 सेल्सिअसच्या) खाली गेला. दोन दिवसांनी आम्ही पुण्यात सकाळचे पोहे खात होतो. अर्विंगमध्ये तेव्हा आदल्या दिवशीची रात्र होती. फोन वाजला : दिवाणखान्यात हालचाल! चोर शिरला म्हणून घाबरून पाहतो, तर छतातून पाण्याची धार. माळ्यावरचा पाइप फुटला होता.

कॅमेरा चित्र उत्तम दाखवत होता, पण पाणी कोण बंद करणार? त्या गल्लीत सहा वर्षं राहूनही आमच्याकडे एकाही शेजाऱ्याचा फोन नंबर नव्हता. शेवटी वर्गातलेच एक स्नेही चाळीस मिनिटं गाडी चालवत आले. कुलूप आम्ही पुण्यातून उघडून दिलं. त्यांनी विचारलं, "मेन व्हॉल्व्ह कुठे आहे?" आम्हालाच ठाऊक नव्हतं. ते बॅटरी घेऊन अंगणात शोधत असताना समोरच्या घरातले आजोबा बाहेर आले, गवतातलं झाकण उचललं आणि दोन मिनिटांत पाणी बंद केलं. छत, गालिचे गेले, ते विम्यात भरून आले. आईने हाताने शिवलेल्या दोन गोधड्या गेल्या, त्या नाही आल्या. आजोबा नंतर एवढंच म्हणाले, "जाताना मला सांगितलं असतंत तर?" त्यांचं नावही आम्हाला तोवर माहीत नव्हतं.

असं इथेच का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. पाणी गोठलं की सुमारे 9 टक्के फुगतं. बर्फ आणि बंद नळ ह्यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढतो आणि पाइप तडकतो. उत्तरेकडच्या राज्यांत पाइप उबेत ठेवून घरं बांधतात. आपल्याकडे कडक थंडी क्वचित, म्हणून पाइप खुशाल माळ्यावरून नेतात. 16 फेब्रुवारी 2021 ला डॅलस-फोर्टवर्थ विमानतळावर उणे 2 फॅरनहाइट (उणे 19 सेल्सिअस) नोंदलं गेलं आणि टेक्सासात 45 लाखांहून अधिक घरांची आणि दुकानांची वीज गेली. वीज गेली की हीटर बंद, वायफाय बंद, म्हणजे आमचे चारही कॅमेरे आंधळे. यंत्रं वाईट नाहीत. गळती दिसताच आपोआप मिटणारे व्हॉल्व्हही मिळतात, जरूर बसवा. पण यंत्रांना आधार म्हणून एक माणूस हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. गावाला निघताना किल्ली शेजारच्या काकूंकडे जायची. तुळशीला पाणी, दूधवाल्याला निरोप, सगळं त्याच बघायच्या. परत आलो की आपल्या आधी चहा त्यांच्याकडे तयार. इथे आपण म्हणतो, "उगीच त्यांना त्रास कशाला?" आम्हीही हेच म्हणायचो. आता वाटतं, त्यात सौजन्य कमी आणि संकोच जास्त होता. किल्ली देणं म्हणजे 'माझा तुमच्यावर विश्वास आहे' असं सांगणं. समोरच्याला ते ओझं वाटत नाही, उलट बरं वाटतं. आता आजोबांची किल्ली आमच्याकडे आणि आमची त्यांच्याकडे असते. ते मुलीकडे जातात तेव्हा आमची मुलं त्यांच्या कुंड्यांना पाणी घालतात.

तेव्हा जाण्यापूर्वी एवढं करा. मेन व्हॉल्व्ह शोधा, तो फिरतो का पाहा, आणि किल्ली ज्यांना देणार त्यांना तो दाखवा. हिवाळ्यात निघताना तो बंद करा, नळ उघडून पाइप रिकामे करा, गॅसचा वॉटर हीटर 'व्हेकेशन'वर ठेवा. थर्मोस्टॅट 55 च्या खाली नेऊ नका. बाहेरच्या नळाची रबरी नळी काढून त्याला टोपी घाला. पोस्ट टपाल जास्तीत जास्त 30 दिवस धरून ठेवतं. मुक्काम त्याहून मोठा असेल तर टपालाची सोय वेगळी करा.

उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी जमिनीकडे पाहावं. डॅलसच्या भागातली काळी चिकणमाती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीच्या जमिनीच्याच जातीची आहे. उन्हात आक्रसून भेगा पडतात, पावसात फुगते, आणि त्यावरचा घराचा पाया हलतो. सहा आठवडे ती कोरडी पडू देऊ नका. पायालगत झिरपणारी नळी टाका आणि ती चालू आहे ना, हे बघायला... होय, पुन्हा शेजारीच लागतो!

बालमित्रांनो, ह्या आठवड्याचा गृहपाठ तुम्हाला. आई-बाबांना दोन प्रश्न विचारा : पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे? आणि शेजारच्यांचं नाव काय? उत्तर आलं नाही, तर त्यांना घेऊन शेजारी जा. जाताना डब्यात चार चकल्या न्यायला विसरू नका.

असो. सर्वांचा प्रवास सुखाचा होवो, आणि घरही सुखात राहो.