विषाचा डबा कोणाच्या दारात?

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेतले जेवण जेवून २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले.

जळगाव-धुळ्याच्या बायांना हे नाव नवे नाही. कपाशीवर वर्षानुवर्षे फवारलेले हे ‘औषध’. विषाला औषध म्हणतो, तिथेच आपली फसगत सुरू होते. फवारणी संपली की रिकामा डबा घरी येतो, घासला जातो आणि वापरात राहतो. गरिबाघरी धड डबा फेकवत नाही. पण हे विष कातडीतूनही भिनते. म्हणजे पहिला धोका डबा घासणारीलाच.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर पुरायचे असतात. ते होते की नाही, हे कोण पाहते? ‘बाईने काळजी घ्यावी’ एवढ्यावर सगळे मोकळे होतात.

गंडामनच्या स्वयंपाकिणीने तेलाला वास येतो असे सांगितले होते, हे नंतर पुढे आले. तिचे ऐकले गेले नाही. आपल्याकडेही शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बाईला वेतन नाही, ‘मानधन’ मिळते. तिने उद्या तेल नाकारले तर तिचे काम टिकेल का?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. विक्रेत्यांनी रिकामे डबे परत घ्यावेत, ग्रामसभेने त्याचा हिशेब मागावा आणि संशयित माल नाकारण्याचा अधिकार स्वयंपाकिणीला लेखी मिळावा. चूल बाईची म्हणता, मग चुलीवर काय चढवायचे नाही हे सांगण्याचा हक्कही तिचाच.