मिरपूरचा गिरणीकामगार आणि कंपालाचा दुकानदार

२४ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दिवाळीत, ऋषी सुनक यांची ब्रिटनमधील हुजूर पक्षाच्या नेतेपदी निवड झाली आणि दुसऱ्या दिवशी ते पंतप्रधान झाले. त्या आठवड्यात आपल्याकडे जो आनंदोत्सव झाला त्याला आमची हरकत नव्हती. सासर इन्फोसिसचे, इन्फोसिसचा जन्म १९८१ सालचा पुण्याचा, त्यामुळे पुणेकरांनाही जावयावर हक्क सांगता आला. आमची हरकत आहे ती त्या आनंदाला जोडलेल्या शेपटाला. "बघा, भारतीय तिथे जाऊन पंतप्रधान होतो, आणि त्याच देशात गेलेले पाकिस्तानी अजून टॅक्सी चालवतात. एकाच मातीतले लोक, एकाच वेळी गेलेले. फरक कशाचा, ते सांगायला हवे का?" हे वाक्य आम्ही वेगवेगळ्या तोंडून इतक्या वेळा ऐकले आहे की ते आता म्हण होण्याच्या बेतात आहे. न सांगितलेले कारण म्हणजे अर्थातच इस्लाम. ब्रिटनच्या पाकिस्तान्याला मारलेली ही काठी शेवटी मालेगाव-भिवंडीच्या पाठीवर पडते, म्हणून तिचा समाचार घेणे आम्हाला भाग आहे.

आकडे आम्ही नाकारत नाही. २०२१च्या जनगणनेनुसार इंग्लंड व वेल्समध्ये भारतीय वंशाचे सुमारे साडेअठरा लाख आणि पाकिस्तानी वंशाचे सुमारे सोळा लाख लोक राहतात. उत्पन्न, नोकरी, घर, बायकांचा रोजगार, कोणत्याही रकान्यात पाहिले तरी पहिला समाज पुढे आणि दुसरा मागे आहे. या शतकाच्या आरंभीच्या सरकारी पाहणीत नोकरी करणाऱ्या दर सहा पाकिस्तानी पुरुषांमागे एक जण टॅक्सी वा मोटार चालवणारा होता, आणि दर वीस भारतीय पुरुषांमागे एक जण डॉक्टर. तेव्हा टॅक्सीचा टोमणा हवेतून आलेला नाही. खोटे आहे ते "एकाच मातीतले, एकाच वेळी गेलेले" हे. त्यांची माती वेगळी, बोट वेगळी आणि उतरण्याचे गावही वेगळे.

ब्रिटनमधील पाकिस्तान्यांचा फार मोठा हिस्सा लाहोर-कराचीचा नाही, तो मिरपूरचा आहे. पाकिस्तानच्या ताब्यातील काश्मीरचा हा कोपरा म्हणजे तुकड्या-तुकड्यांची कोरडवाहू शेती, उद्योग नाही, शाळा नावापुरती. इथले पुरुष इंग्रजी अमदानीपासून आगबोटींच्या भट्टीत कोळसा ओढायला जात. मुंबई बंदरातून सुटणाऱ्या त्या बोटींवर वरच्या डेकवर आमच्या रत्नागिरी-कुलाब्याचे खलाशी असत आणि खाली बॉयलरजवळ हे मिरपुरी. मग १९६० साली सिंधू पाणीवाटप करार झाला आणि झेलमवर मंगला धरण बांधायला घेतले गेले. १९६७मध्ये ते पूर्ण होईपर्यंत जुने मिरपूर शहर आणि शेकडो गावे पाण्याखाली गेली, लाखाहून अधिक माणसे उठवली गेली. कोयनेच्या धरणग्रस्तांचे पुढे काय झाले हे ज्या मराठी वाचकाला ठाऊक आहे त्याला यापेक्षा अधिक सांगायला नको. फरक एवढाच की कोयनेचा माणूस मुंबईच्या गिरणीत गेला आणि मिरपूरचा ब्रॅडफर्डच्या. १९६२च्या कायद्याने ब्रिटनचे दार अर्धे लोटले जाण्याआधी आत शिरण्याची एकच घाई उडाली. जो शिरला त्याने भावाला, चुलत्याला, शेजाऱ्याला ओढून घेतले.

ब्रॅडफर्डची लोकर, ओल्डम आणि बर्नलीचे सूत. या गिरण्यांना त्या वेळी मजूर हवे होते, कारण मालकांनी नवी यंत्रे आणली होती आणि ती चोवीस तास चालवल्याशिवाय परवडत नव्हती. गोऱ्या कामगाराला रात्रपाळी नको होती. ती मिरपुऱ्याने घेतली. रात्रपाळीत सगळेच गाववाले, म्हणून इंग्रजी शिकायची गरज नाही. दिवसा झोप, म्हणून शेजाऱ्याशी ओळख नाही. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकात गिरण्या बसल्या. ब्रॅडफर्डची प्रचंड मॅनिंगहॅम मिल १९९२मध्ये बंद झाली. गिरणगाव बसल्यावर परळ-लालबागच्या कामगाराची पोरे काय करत होती हे आपण पाहिले आहे. त्यांच्या धर्मात कोणी कारण शोधले नव्हते. ब्रॅडफर्डच्या माणसाने जवळ होते ते घर गहाण टाकून टॅक्सी घेतली. ती आळशाची खूण म्हणून दाखवली जाते, ही आमच्या मते निव्वळ हलकट थट्टा आहे. एका पिढीत दोनदा बुडालेल्या माणसाचे ते तिसऱ्यांदा पोहणे होते.

आता दुसरी बोट पाहू. सुनक यांचे वडील केनियात जन्मलेले, आई टांगानिकात. वडील डॉक्टर, आई औषधविक्रेती. पूर्व आफ्रिकेतील गुजराती आणि पंजाबी तिथे दोन-तीन पिढ्या राहिले होते. काळ्या जनतेच्या वर आणि गोऱ्या मालकांच्या खाली, मधल्या मजल्यावर. दुकान, कारकुनी, रेल्वे, वकिली. मुलांना इंग्रजी शाळा, हिशेबाची वही पाठ, बँकेशी व्यवहाराची सवय. १९७२च्या ऑगस्टमध्ये इदी अमीनने युगांडातील आशियायींना नव्वद दिवसांची मुदत दिली, तेव्हा पंचवीस हजारांहून अधिक माणसे ब्रिटनमध्ये उतरली. खिशात पन्नास-पंचावन्न पौंड. "रिकाम्या हाताने आले आणि राज्य उभे केले" ही कथा इथून सुरू होते. हात रिकामे होते हे खरे, डोके रिकामे नव्हते. दुकान अमीनने घेतले, दुकानदारी घेता आली नाही. आणि स्वागत म्हणाल तर लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात चक्क जाहिरात दिली होती की कृपया आमच्या शहरात येऊ नका. त्याच्या आधी, १९६८मध्ये, केनियातून येणाऱ्या आशियायींना रोखण्यासाठी पार्लमेंटने तीन दिवसांत कायदा करून टाकला होता. आज "आदर्श स्थलांतरित" म्हणून ज्यांची पाठ थोपटली जाते, त्यांच्या पाठीवर तेव्हा लाथ होती.

या लोकांनी सोसले नाही असे आम्ही म्हणत नाही. उत्तर लंडनमध्ये ग्रनविक नावाच्या फोटो धुण्याच्या कारखान्यात १९७६ ते १९७८ असा जो संप चालला त्याच्या पुढारी जयाबेन देसाई टांझानियाहून आलेल्या गुजराती बाई होत्या. पण नेमक्या याच ठिकाणी आमचे बोट थांबते. जयाबेन कारखान्यात होत्या. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या कुटुंबात नवरा, बायको, मोठी मुलगी, सगळे पहिल्या महिन्यापासून कामावर. एका घरात दोन-तीन पगार. मिरपूरच्या घरात एकच पगार, आणि त्यातला मोठा वाटा झेलमकाठी मनीऑर्डरने जाणार. कारण मिरपुऱ्याला परत जायचे होते. तो तसे चाळीस वर्षे म्हणत राहिला. त्या पैशातून मिरपुरात तीन-तीन मजली बंगले उभे राहिले, ज्यांत कोणी राहत नाही. आमच्या खाडीपट्ट्यातल्या गावांतून फिरणाऱ्याला असे कुलूपबंद बंगले नवे नाहीत. पण आखातात नागरिकत्व मिळत नाही, कोकणच्या माणसाला परतावेच लागते, म्हणून त्याचे गावी बांधणे समजू शकते. ब्रॅडफर्डकराला नागरिकत्व होते आणि तरी तो परतीच्या ओसरीवर बसून राहिला. युगांडाच्या माणसाचा परतीचा पूल अमीनने जाळला होता, त्यामुळे त्याचा प्रत्येक पौंड लेस्टर आणि हॅरोच्या जमिनीत गेला. लंडनच्या उपनगरात तेव्हा घेतलेल्या घराची किंमत आज काय, आणि बर्नलीच्या गल्लीत घेतलेल्या घराची काय, हे पाहिले की दोन समाजांच्या श्रीमंतीतला बराचसा फरक तिथेच सापडतो. पाकिस्तानी कुटुंबांपैकीही निम्म्याहून अधिक स्वतःच्या घरात राहतात. पण घराघरांत फरक असतो.

इतक्यावर समाधान होत नसेल तर मजहबाची परीक्षाही घेऊन पाहू. आफ्रिकेतून त्याच वेळी खोजा इस्माइली निघाले. मुसलमानच. ब्रिटन आणि कॅनडा दोन्हीकडे ते व्यापारात, शिक्षणात, राजकारणात कुठे आहेत ते पाहा. इस्माइलींना वेगळे काढायचे असेल तर भरूच-सुरतेचे सुन्नी घ्या. ब्लॅकबर्न, बोल्टन, ड्यूजबरी येथे त्यांची वस्ती आहे. त्याच भरूचकडून आलेल्या कुटुंबातील मोहसिन आणि झुबेर इसा या ब्लॅकबर्नच्या भावांनी पेट्रोल पंपांपासून सुरुवात करून २०२१मध्ये 'आस्डा' ही सुपरमार्केटची साखळी विकत घेतली. हे सगळे सरकारी रकान्यात 'भारतीय' म्हणून मोजले जातात, आणि त्यांचे यश ड्रॉइंगरूममध्ये 'हिंदू संस्कारां'च्या खात्यावर जमा होते! हिशेबाचा हा प्रकार आम्हाला नवा नाही.

बांगलादेशींचे उदाहरण तर या सिद्धांताच्या मुळावरच येते. सिल्हेटचे हे लोक पाकिस्तान्यांहूनही मागून आले, त्यांच्याहून गरीब होते आणि लंडनच्या पूर्व भागात कोंबले गेले. २००१च्या सुमारास त्यांच्यातील दर पाच पुरुषांपैकी दोघे हॉटेलात आचारी वा वाढपी होते. १९८५च्या स्वान समितीने शाळेत सर्वांत मागे पडलेली मुले म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले होते. आज हीच मुले शालान्त परीक्षेत गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या सरासरीच्या पुढे आहेत. दरम्यान त्यांनी धर्म बदलला नाही; मशिदी उलट वाढल्या. बदलल्या त्या टॉवर हॅम्लेट्सच्या शाळा. तिथे पैसा आला, चांगले शिक्षक आले, २००३पासून लंडनच्या शाळांसाठी खास मोहीम चालली, आणि शाळेच्या फाटकाबाहेर नोकऱ्यांनी भरलेले शहर होते. ब्रॅडफर्डच्या मुलाला यांतले काय मिळाले? २००१च्या उन्हाळ्यात ओल्डम, बर्नली, ब्रॅडफर्ड पेटले तेव्हा सरकारी अहवालाने निदान केले की हे समाज एकमेकांना समांतर आयुष्ये जगतात. बरोबर. पण रात्रपाळी आणि दिवसपाळी ही समांतर रेषा प्रथम कोणी आखली, हा प्रश्न त्या अहवालाच्या डोक्यावरून गेला.

इथवर वाचून आमच्यातले जे मान डोलावत असतील त्यांना आता थोडे त्रासाचे. सगळे गोऱ्यांनी केले, सगळा द्वेषाचा परिणाम, असे म्हणून पाय पसरण्याची सोय आम्ही कोणाला देणार नाही. मिरपूरच्या बिरादरीने तिच्या लोकांचे भले केले तसे वाटोळेही केले. सुरुवातीला तिने राहायला जागा दिली, भिशीतून पैसे दिले. नंतर त्याच बिरादरीच्या पंचांनी मते गठ्ठ्याने विकली आणि मुलींची लग्ने व्हिसाच्या भावात ठरवली. ब्रॅडफर्डमध्ये २००७ ते २०१० या काळात गर्भवतींची जी मोठी पाहणी झाली तिच्यात पाकिस्तानी वंशाच्या सुमारे साठ टक्के मातांचे लग्न नात्यात झालेले आढळले, आणि सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या लग्नात बाळात जन्मजात दोष असण्याचे प्रमाण तीन टक्क्यांवरून सहाच्या आसपास जाते हेही दिसले. हा कुराणाचा हुकूम नाही. (मामाच्या मुलीवर हक्क सांगणाऱ्या मराठी मुलखात तर हे कोणी धर्माच्या माथी मारू नये.) जमीन घरात राहावी आणि भाचा विलायतेत यावा, इतकाच हा व्यवहार होता. दर पिढीत गावाकडून इंग्रजी न येणारा नवरा किंवा बायको आली, आणि प्रत्येक पिढी पहिलीच पिढी होऊन बसली. बाई घरात राहिली, दुसरा पगार आला नाही. गोऱ्या मालकाने रात्रपाळी लादली होती, ही रात्रपाळी घरच्यांनी लादली. चांगली गोष्ट एवढी की दहा वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हा नात्यातल्या लग्नांचे प्रमाण सेहेचाळीस टक्क्यांपर्यंत उतरले होते, आणि ते उतरवले शिकलेल्या मुलींनी. एकाही मौलवीसाहेबांनी त्याचे श्रेय मागितलेले आमच्या वाचनात नाही.

आम्हाला भिवंडी-मालेगावचा उल्लेख का करावा लागतो, तेही सांगून टाकतो. १८५७नंतर उत्तरेकडून हातमाग पाठीला बांधून आलेला मोमीन विणकर आणि मुंबईत पेढ्या घेऊन आलेला कच्छी मेमन, दोघे एकाच मशिदीत नमाज पढतात. एकाची चौथी-पाचवी पिढी यंत्रमागावर बारा तास उभी आहे, दुसऱ्याच्या नावाने शाळा आणि दवाखाने आहेत. मजहबाने गरिबी येत असती तर ती दोघांकडे सारखीच यायला हवी होती. सच्चर समितीने २००६मध्ये मुसलमानांच्या मागासलेपणाचा हिशेब शाळा, बँकेचे कर्ज आणि सरकारी नोकरी या रकान्यांत मांडला. तो वाचण्यापेक्षा लंडनहून आलेली म्हण तोंडी टाकणे सोपे, हे आम्ही जाणतो.

मजेची गोष्ट अशी की जिथे ही तुलना जन्मली त्या देशातल्या गुंडांना ती कधी कळलीच नाही. सत्तरच्या दशकात साउथॉलच्या शिखाला आणि लेस्टरच्या पटेललाही ते 'पाकी' म्हणूनच मारत. २०२२मध्ये लेस्टरच्या रस्त्यांवर हिंदू-मुसलमान तरुण समोरासमोर आले. तेथील मुसलमानांत गुजरातचेच लोक अधिक, म्हणजे भांडण बव्हंशी एकाच भाषेत चालले होते. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२४मध्ये, साउथपोर्टपासून सुरू झालेल्या दंगलीत मशिदींवर दगड पडले, निर्वासितांची हॉटेले पेटवली गेली, आणि त्या आठवड्यात सावळ्या कातडीचा माणूस बाहेर पडताना दोनदा विचार करत होता, मग त्याचे आजोबा कंपालाचे असोत की मिरपूरचे.

ब्रॅडफर्डची मुलगी आता विद्यापीठात जाते. पाकिस्तानी वंशाच्या मुलामुलींचे विद्यापीठात जाण्याचे प्रमाण गोऱ्या ब्रिटिशांपेक्षा जास्त आहे. तेव्हा "शिकत नाहीत" हा जुना आरोपही निकालात निघाला. पदवी घेऊन ती अर्ज करू लागते. २०१९मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सारख्याच शिक्षणाचे, सारख्याच अनुभवाचे, फक्त नाव वेगळे असलेले हजारो अर्ज पाठवून पाहिले. मालकाकडून होकारार्थी उत्तर येण्यासाठी अल्पसंख्याक नावाच्या उमेदवाराला गोऱ्या नावापेक्षा सरासरी साठ टक्के जास्त अर्ज करावे लागले. पाकिस्तानी नाव असेल तर त्याहूनही जास्त. एवढे अर्ज टाकूनही जिला नोकरी लागली नाही तिचा बाप अजून टॅक्सी चालवतो, आणि ती टॅक्सी आमच्या ड्रॉइंगरूममध्ये पुरावा म्हणून दाखवली जाते.