नकाशाच वाचता येत नसेल तर हरकत कशावर घ्यायची?

मंडळी, प्रारूप विकास आराखड्याचा नकाशा पालिकेच्या जिन्यात लावलाय. बघून आलात का? मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा भिंग घेऊन.

शेजारच्या काकूंना एकच विचारायचं होतं, आपलं घर निळ्या पूररेषेच्या आत की बाहेर? आत म्हणजे निषिद्ध क्षेत्र, नवं बांधकाम बंद. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे असेल तर अटी घालून परवानगी. 2019 ला ज्यांच्या घरात छातीभर पाणी होतं, त्यांना एवढं कळायला नको? काकूंनी कुठून तरी नकाशाची झेरॉक्स मिळवली. तिच्यात निळी रेषा काळी, लाल काळी, नालाही काळाच! मूळ नकाशात तरी काय, पूररेषा निळी आणि नालाही निळा, दोन्ही सारख्याच जाडीचे. सूची कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. गट नंबर रंगाखाली गाडलेले. देऊळ, शाळा, एस.टी. स्टँड, ओळखीची एक खूण नाही. माणसाने स्वतःचं घर शोधायचं कसं?

साहेब म्हणाले, "नकाशा तांत्रिक असतो." अहो, 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 26 प्रमाणे हरकती मागवायच्या त्या लोकांकडून, का फक्त इंजिनिअरकडून?

मुंबईचा 2015 चा प्रारूप आराखडा आठवा. एवढ्या चुका निघाल्या की मुख्यमंत्री फडणवीसांना तो दोन महिन्यांत रद्द करावा लागला, सुधारित मसुदा 2016 ला आला. तिथे नकाशा वाचू शकणारे वास्तुरचनाकार होते, नागरिक संस्था होत्या, पत्रकार होते. आपल्याकडे कोण वाचतं? (बिल्डर वाचतात म्हणा. त्यांनी त्यासाठी पगारी माणसं ठेवलेली असतात.)

आणि मागणं काही फार खर्चाचं नाही. निळी रेषा अखंड काढा, लाल तुटक काढा, रेषेवरच तिचं नाव लिहा. मग झेरॉक्स काढली तरी फरक दिसेल. प्रत्येक प्रभागाचा वेगळा, मोठा कागद द्या. जिथे वापर बदललाय तिथे जुना नकाशा शेजारी लावा, म्हणजे कालचं हिरवं मैदान आज रहिवासी पिवळं कसं झालं ते पोरंसुद्धा सांगतील. तेच दिसू द्यायचं नसेल तर मग बोलणं खुंटलं.

सोमवारी अकरा वाजता मी लेखी हरकत देतोय. विषय एवढाच, नकाशा वाचता येत नाही, वाचता येईल असा नव्याने लावा आणि मुदत तिथून मोजा. काकू येणार आहेत, ती काळी झेरॉक्स घेऊन. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही आणा, सगळ्या हरकतीला जोडू.