पाऊण कोठे असते?



गेल्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. सहामाही परीक्षेच्या उत्तरपत्रिका पालकांच्या सहीसाठी घरी आल्या होत्या. आमची नात सहावीत आहे. दुकान वाढवून मी घरी पोहोचलो, तेव्हा ती गणिताची उत्तरपत्रिका दप्तराच्या तळाशी दडपून ठेवीत होती. मी ती मागून घेतली. ‘संख्यारेषेवर ३/४ दाखवा’ असा प्रश्न होता. तिने शून्यापासून पाचपर्यंत मोठी सुबक रेघ आखली होती आणि ३ व ४ यांच्या बरोबर मध्यभागी ठळक टिंब दिले होते.

माझ्या तोंडून निघून गेले, “तीन पिढ्या कापडाच्या गादीवर बसलेल्या घरातली मुलगी तू, आणि तुला पाऊण कळत नाही?”

ती काही बोलली नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर दुकानात येऊन माझ्याजवळ बसण्याचा तिचा नेम मोडला. चार दिवसांनी तिच्या आजीने मला सांगितले, “ती म्हणते, मला हिशेब येत नाही, मग दुकानात जाऊन काय करू?”

त्या रात्री मला झोप आली नाही. अकराव्या वर्षी एखाद्या मुलीने स्वतःविषयी असा निकाल देऊन टाकावा, आणि त्याला निमित्त आपले शब्द व्हावेत, याहून मोठा तोटा कोणत्या वहीत मांडावा?

रविवारी मी तिला जवळ बसवून शांतपणे विचारले, “बेटा, ते टिंब तू तेथेच का दिलेस?” ती म्हणाली, “दादाजी, थ्री अपॉन फोर. वर तीन आहे, खाली चार आहे. म्हणून तीन आणि चारच्या मध्ये.” तिचे उत्तर चुकले होते, पण विचार केल्यावाचून दिलेले नव्हते. तिला वर एक संख्या आणि खाली एक संख्या अशा दोन संख्या दिसत होत्या. ३/४ ही एकच संख्या आहे आणि रेषेवर तिला स्वतःची एकच जागा आहे, हे तिला कोणी दाखवले नव्हते. मीही नाही.

मग तिनेच विचारले, “पण पाऊण म्हणजे काय?” मी सवयीने म्हणालो, “रुपयात बारा आणे.” “आणे म्हणजे?” या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू झाली आणि सोळा आण्यांचा रुपया हळूहळू व्यवहारातून गेला. आम्ही लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी तालासुरात पाठ केली. त्या पाठांतराने आम्हाला उत्तर झटकन देता येई. परंतु पाऊण कोठे असते, असे कोणी विचारले असते तर आमच्यापैकी किती जणांना सांगता आले असते?

उत्तर दुकानातच होते. मी तिला गादीवर नेले आणि कापड मोजण्याची मीटरपट्टी तिच्या हाती दिली. एक मीटर लांबीची कापडी फीत कापून घेतली. फितीचे एक टोक शून्य, दुसरे टोक एक. फीत मधोमध दुमडून घडीवर शाईची खूण केली. तो अर्धा. पुन्हा दुमडली, तेव्हा चार सारखे भाग झाले. आता शून्यावर बोट ठेवून तिला एकेक भाग चालायला सांगितले. एक पाऊल पाव, दोन पावले अर्धा, तीन पावले पाऊण. छेद सांगतो की एकाचे किती सारखे भाग केले, आणि अंश सांगतो की त्यांतील किती पावले चाललो. फीत मीटरपट्टीवर ठेवताच तिसरी खूण ७५ सेंटिमीटरवर आली. ती क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे ते एकच्या आतच आहे!”

मग फीत तिसऱ्यांदा दुमडली. आठ भाग झाले. सहाव्या खुणेवर बोट ठेवले, तर ती पाऊणच्याच खुणेवर पडली. ६/८ आणि ३/४ यांची नावे दोन, जागा एक. शाळेत ‘सममूल्य अपूर्णांक’ म्हणतात ते हेच. १/८ हा १/६ पेक्षा मोठा, कारण ८ हा ६ पेक्षा मोठा, असेही तिने त्याच उत्तरपत्रिकेत लिहिले होते. त्यासाठी मी तिला एवढेच विचारले, “नफा सहा वाटेकऱ्यांत वाटला तर एकेकाला अधिक मिळेल, की आठांत?” तिने स्वतःच खोडरबर घेतले.

पुस्तकात अपूर्णांक बहुधा भाकरीच्या किंवा केकच्या चित्राने सुरू होतात. आरंभाला ते ठीक आहे. पण ७/४ आले की मूल अडते. चार तुकड्यांच्या एका भाकरीतून सात तुकडे कसे घ्यावे? रेषेवर ही अडचण येत नाही. चार पावलांत एक गाठला, आणखी तीन पावले चाललो की सात झाली. म्हणून रेषा एकवर थांबवू नये. पहिल्याच दिवशी दोन किंवा तीनपर्यंत न्यावी.

आणि येथे आपली मराठी भाषा मुलांच्या मदतीला धावून येते. ‘सव्वा’ म्हणजे एक ओलांडून पाव पुढे. ‘दीड’ म्हणजे एक आणि दोन यांच्या मध्यावर. ‘पावणेदोन’ म्हणजे दोनला पाव कमी. हे शब्द केवळ नावे नाहीत. संख्या रेषेवर कोठे उभी आहे याचा पत्ताच ते सांगतात. ‘वन पॉइंट सेव्हन फाइव्ह’ म्हणणाऱ्या मुलाला आकडे कळतात, पण ही संख्या दोनच्या किती जवळ आहे, हे त्याच्या कानावर पडत नाही. इंग्रजी शब्द शाळेसाठी अवश्य शिकावेत. घरातले शब्द मात्र त्यासाठी टाकून देऊ नयेत.

माळ्यावरच्या जुन्या वह्या काढून मी तिला दाखवल्या. त्यांत सव्वा १।, दीड १॥ आणि पावणेदोन १॥। असे लिहिलेले आहेत. प्रत्येक उभी रेघ म्हणजे एक पाव. तीन रेघा म्हणजे तीन वेळा पाव, म्हणजेच ३/४. फितीवर ती जी पावले मोजत होती, तीच तिच्या पणजोबांनी वहीत रेघांनी मोजली होती.

एक चूक मात्र अनेक मुले करतात, ती सांगितली पाहिजे. पाच भाग कर म्हटले की ती शून्य आणि एक यांच्या दरम्यान पाच खुणा करतात, आणि भाग होतात सहा. यावर उपाय रस्त्यावर सापडला. चोपड्याहून अडावदकडे जाताना मी तिला महामार्गाच्या कडेचे दगड पाहायला सांगितले. दोन किलोमीटर-दगडांच्या दरम्यान दर २०० मीटरला लहान दगड बसवण्याची रीत आहे, आणि त्यांवर २, ४, ६, ८ असे आकडे असतात. दगड चार, पण भाग पाच. मोजायचे ते दोन खुणांमधील अंतर, हे तिला गाडीच्या खिडकीतून समजले. ‘८’ लिहिलेला दगड म्हणजे ४/५ किलोमीटर. घरी आल्यावर आम्ही याच ४/५ चा शोध घेतला. सामायिक ४८ मिनिटांचे, म्हणजे तासाचा ४/५ भाग. ब्लाऊजपीस ८० सेंटिमीटरचा, म्हणजे मीटरचा ४/५ भाग. माप बदलले तरी शून्य ते एक या रेषेवरील जागा तीच राहिली.

आपल्या परंपरेत या विषयाचे एक थोर नाव आहे, ते मुलांना अवश्य सांगावे. जैन गणिती महावीराचार्य यांनी राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी अनुवादासह १९१२ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध केला. त्यातील अपूर्णांकांच्या प्रकरणाला ‘कलासवर्ण’ असे नाव आहे. आज आपण ज्याला लसावि म्हणतो त्याला आचार्यांनी ‘निरुद्ध’ म्हटले आणि त्याच्या साहाय्याने छेद समान करण्याची रीत दिली. संख्यारेषा त्यांच्या ग्रंथात नाही. ती पुष्कळ नंतरची, युरोपातील पद्धत आहे. परंतु अंश एक असलेल्या अपूर्णांकांची बेरीज नेमकी एक कशी करावी, याचा त्यांनी दिलेला एक नियम रेषेवर फार सुंदर दिसतो. १, ३, ९, २७ हे आकडे घ्या. पहिल्याला २ ने गुणा, शेवटच्याला २/३ ने गुणा, मधले तसेच ठेवा. छेद मिळतात २, ३, ९ आणि १८.

आम्ही ९० सेंटिमीटरची फीत घेतली. तिचा अर्धा ४५, तिसरा हिस्सा ३०, नववा १० आणि अठरावा ५. चार तुकडे दुसऱ्या अखंड फितीलगत एकापुढे एक ठेवले. शेवटचा तुकडा बरोबर टोकाला जाऊन टेकला. साडेअकराशेहून अधिक वर्षांपूर्वीचा नियम आमच्या गादीवर सिद्ध झाला, तेव्हा नातीच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला.

या सर्वांस आम्हाला चार रविवार लागले. खर्च झाला तो दोन-तीन मीटर फितीचा. पालकांना एवढीच विनंती आहे की, मुलाचे उत्तर चुकले तर रागावण्यापूर्वी ‘असे का लिहिलेस?’ हे विचारावे. त्याच्या उत्तरात चुकीचे मूळ सापडते. आणि दुकानातला काटा, मीटरपट्टी, जुनी वही यांना मुलांचे हात लागू द्यावेत.

संक्रांतीच्या आधी लासूरचे एक वृद्ध गिऱ्हाईक आले. “शेठ, पावणेदोन मीटर मांजरपाट द्या.” नात माझ्या शेजारी बसली होती. मी उठण्यापूर्वीच तिने ताका ओढला. एक पट्टी पूर्ण मोजली, दुसरी लावून बोट पंच्याहत्तरवर ठेवले आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, “दोनला पाव कमी. कापू?”

मी कात्री तिच्या हाती दिली.

जय जिनेंद्र.