मालेगावच्या काढ्याची गोळी होईल का?

२०२० चे एप्रिल-मे मालेगावकर कधी विसरणार नाहीत. रमजानचे दिवस, यंत्रमाग बंद, दाटीवाटीचे मोहल्ले आणि रोज वाढणारा रुग्णांचा आकडा. देशभर शहराचं नाव 'हॉटस्पॉट' म्हणून घेतलं जात होतं. त्याच काळात मोहम्मदिया तिब्बिया कॉलेजचा युनानी काढा घरोघर पोहोचला आणि 'मन्सुरा काढा' हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. जूनपर्यंत साथ ओसरली. श्रेय कुणी दुवेला दिलं, कुणी डॉक्टरांना, तर बऱ्याच जणांनी काढ्याला.

काढ्याने खरंच काम केलं का? स्पष्टच बोलायला हवं. लोकांनी काढा प्यायला आणि लोक बरे झाले, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं सिद्ध होत नाही. इतक्या दाट वस्तीत अनेकांना नकळत लागण होऊन गेली असेल, हीही शक्यता आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०२२ मध्ये 'मालेगाव मॅजिक' नावाने या कोड्याचा अभ्यास हाती घेतला. पाऊल चांगलंच होतं. पण तोवर जवळजवळ दोन वर्षं उलटली होती. काढा कुणी, किती दिवस, किती घेतला, हे साथ चालू असतानाच लिहून ठेवायचं असतं. नंतर विचारलं तर माणूस आठवेल ते सांगतो.

आता लोक पुढचा प्रश्न विचारतात, 'हकीमसाहेब, याची गोळी नाही का?' गोळी आपल्याला परकी नाही. युनानीत जोशांदा आहे तशी 'हब्ब' आहे, 'कुर्स' आहे. भुकटी करून मशीनमध्ये दाबणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड आहे ते पहिल्या गोळीत जेवढं औषध, तेवढंच दहा हजाराव्या गोळीत असणं. एकाच वनस्पतीचं मूळ जमिनीप्रमाणे, हंगामाप्रमाणे, वाळवण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतं. शिवाय बाजारात आलेली जुडी त्याच वनस्पतीची आहे का, हे आधी पाहावं लागतं.

गुळवेलीचं उदाहरण घ्या. कोविडच्या भीतीने लाखो घरांत गुळवेल उकळली गेली. २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सहाही जणांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाने हा निष्कर्ष मान्य केला नाही. रुग्णांनी गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली असावी, असं म्हटलं. वाद कुणीही जिंको, वेल नीट ओळखली गेली होती का हा प्रश्न उरतोच. बाटलीवर नुसतं 'नैसर्गिक' लिहिल्याने त्याचं उत्तर मिळत नाही.

युनानीच्या इतिहासात ही वाट एकदा पूर्ण चालून झाली आहे, आणि ती मुंबईवरून जाते. सर्पगंधा, म्हणजे हकिमांची असरौल. उन्माद आणि निद्रानाशावर तिचं मूळ पिढ्यान्‌पिढ्या दिलं जायचं. दिल्लीच्या हकीम अजमल खान यांना त्याचा रासायनिक अभ्यास व्हावा असं वाटत होतं. ते काम त्यांच्या तिब्बिया कॉलेजात डॉ. सलीमुज्जमां सिद्दीकी यांनी केलं. १९३१ मध्ये त्यांनी मुळातले घटक वेगळे काढले आणि एकाला 'अजमलिन' हे नाव दिलं. हकीमसाहेब तेव्हा हयात नव्हते. १९२७ मध्येच त्यांचा इंतकाल झाला होता. हृदयाच्या ठोक्यांचा एक दुर्मीळ दोष ओळखण्यासाठी आजही डॉक्टर अजमलिन वापरतात.

त्याच १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी लिहिलं की हे मूळ रक्तदाबही उतरवतं. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांना मूळ देऊन दाब मोजला, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांवरचा अनुभव छापला. तेव्हा जगाने मान वर केली. तीनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळातून रिसर्पिन वेगळं केलं. मूळ द्यायचं तर रोज शंभर-दोनशे मिलिग्रॅम लागायचं. रिसर्पिनच्या गोळीत पाव मिलिग्रॅम पुरे झालं. मूळ आपलं, अनुभव आपला, पहिलं रसायनशास्त्रही आपलं, पण मोठा व्यापार बाहेर गेला. हेही विसरू नये की मात्रा जास्त झाली की रिसर्पिनने काही रुग्णांना नैराश्य यायचं. मोजमाप होतं म्हणून तर ते लक्षात आलं.

चीनमध्ये तू यूयू यांचा अनुभव काढेवाल्यांनी मुद्दाम वाचावा. मलेरियावरची वनस्पती उकळली की गुण जायचा. जुन्या ग्रंथात ती थंड पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती. त्यावरून त्यांनी कमी तापमानात अर्क काढला आणि आर्टेमिसिनिन हाती आलं. २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं. ग्रंथात उत्तराची खूण होती, पण प्रयोगाशिवाय तिचा अर्थ लागला नसता.

आपल्याकडचा कायदा काय सांगतो? औषध नियम १५८-ब नुसार मान्य ग्रंथातल्या सूत्राप्रमाणे युनानी औषध बनवलं तर सुरक्षिततेचा वेगळा अभ्यास सहसा मागत नाहीत. तेच औषध नव्या आजारावर द्यायचं असेल तर परिणामाचा पुरावा लागतो. कोविड नवाच आजार होता. म्हणून मन्सुरा काढ्याची गोळी 'कोविडवर' म्हणून विकायची तर पुरावा ठेवावाच लागेल, आणि हा नियम योग्यच आहे. हकिमाचा मान त्याने कमी होत नाही.

दुसरी बाजू हिश्श्याची. जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभवाटपातून सूट मिळाली. युनानीचं ज्ञान ग्रंथबद्ध आहे. म्हणजे आपल्या ग्रंथातलं सूत्र उचलून एखादी मोठी कंपनी गोळी काढेल तर समाजाला त्यातलं काही मिळेल, ही आशा ठेवू नका. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरच्या भगताचं ज्ञान तोंडी आहे, त्याचा हक्क कागदावर शिल्लक आहे. तो मागायला त्याच्यासोबत कोण उभं राहणार, हा प्रश्न वेगळा.

मग करायचं काय? मालेगाव, पुणे, मुंबई इथे युनानी कॉलेजं आहेत आणि त्यांच्या परीक्षा घेणारं विद्यापीठ नाशिकमध्येच बसलंय. बीयूएमएसच्या मुलांना ओपीडीत रोज रुग्ण दिसतात. प्रत्येक रुग्णाची तक्रार, दिलेलं औषध, मात्रा, आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट एका ठरलेल्या फॉर्मवर भरायला कोट्यवधींची लॅब लागत नाही. काढ्याच्या प्रत्येक घाण्यातल्या वनस्पतींचा वाळवलेला नमुना जपून ठेवायला एक कपाट पुरतं. शिसं-पारा तपासायला नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. मधुमेह, सांधेदुखी, जुनाट खोकला असे रुग्ण यंत्रमागाच्या गावात कमी नाहीत. सुरुवात तिथून व्हावी. ११ फेब्रुवारीला हकीम अजमल खान यांच्या जयंतीला आपल्याकडे युनानी दिवस साजरा होतो, हार-तुरे, भाषणं होतात. एखाद्या कॉलेजने त्या दिवशी वर्षभराच्या ओपीडीच्या नोंदी लोकांसमोर ठेवल्या, ज्यांना गुण आला नाही त्यांच्यासकट, तर आम्ही त्या इथे आवर्जून छापू.