‘साडी’ची ‘सारी’ का होते?



स्नेहसंमेलन म्हटलं की एक कोळीगीत हमखास असतंच! कमरेला रुमाल, डोक्यावर टोपी, हातात पुठ्ठ्याचं वल्हं. पण कान देऊन ऐकलंत का कधी? कोळ्यांच्या बोलीत ‘साडी’ची ‘सारी’ होते आणि ‘चोळी’ची ‘चोली’. तिथं कुणी म्हणत नाही, “अशुद्ध आहे, सुधारा!” उलट शुद्ध म्हटलं तर गाणं अळणी लागतं.

शांता शेळके यांनी लिहिलेलं आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाल लावलेलं एक कोळीगीत तुमच्या आईबाबांना पाठ असेल. ते गायलं लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी. हेमंतकुमार तर बंगाली! तरी कोळ्यांची बोली त्यांनी आनंदानं आपल्या गळ्यात घेतली.

आता एक प्रयोग करू. “आई, मी उद्या मामाकडं जाणार” हे वाक्य तुमच्या गावच्या हेलात म्हणा. मग तेच वाक्य पाठ असलेल्या एखाद्या गाण्याच्या चालीवर म्हणा. काय झालं? हेल गेला कुठं? हेल म्हणजे बोलताना आवाज वर-खाली होणं, एखादं अक्षर लांबणं. गाताना मात्र आवाज कुठं चढवायचा, किती लांबवायचा, हे चाल ठरवते. म्हणून हेल चालीत विरघळून जातो. पण ‘ळ’ म्हणायचा की ‘ल’, ‘ण’ म्हणायचा की ‘न’, हे चाल ठरवत नाही. ते ठरवतो गाणारा. म्हणून गाण्यात गाव ऐकू यायचं असेल, तर ते या अक्षरांतून येतं.

खानदेशात जळगावजवळ असोदे नावाचं गाव आहे. १८८० साली तिथं बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचत. त्यांच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा म्हणजे ‘डोया’, काळा म्हणजे ‘काया’. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी होते. मनात आणलं असतं, तर त्यांनी आईची गाणी पुस्तकी मराठीत ‘नीट’ करून टाकली असती. पण मग काय झालं असतं? ‘काया’ला ‘माया’ जुळते, ‘काळा’ला नाही. यमक मोडलं असतं, आणि आईचा आवाजही हरवला असता. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं, आचार्य अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. १९६१च्या ‘मानिनी’ चित्रपटात त्यांतली गाणी घेतली गेली, वसंत पवारांच्या संगीतात.  आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे!

हे सगळं का सांगते आहे? माझ्या चौथीच्या वर्गात जळगावकडची एक मुलगी नव्यानं आली. कवितेच्या तासाला ती ‘डोया’ म्हणाली आणि वर्ग फिदीफिदी हसला. दुसऱ्या दिवसापासून गाण्याच्या तासाला ती नुसते ओठ हलवायची, आवाजच नाही! मी काही रागावले नाही. बहिणाबाईंचं एक गाणं लावलं आणि म्हटलं, “‘ळ’च्या जागी ‘य’ किती वेळा येतो, मोजा बरं.” मोजता मोजता मुलं अडली. अर्थच कळेना! मग विचारायचं कुणाला? त्या मुलीलाच. तिसऱ्या गाण्यापासून ती उभी राहून अर्थ सांगत होती, आणि हसणारी मंडळी वहीत लिहून घेत होती.

असं हसणं फक्त आपल्याकडंच असतं असं नाही हं. स्कॉटलंडमध्ये ‘द प्रोक्लेमर्स’ नावाचे दोन जुळे गायक भाऊ आहेत. ब्रिटनमधले कितीतरी गायक अमेरिकन धाटणीचे उच्चार करून गात. हे भाऊ मात्र आपल्या स्कॉटिश बोलीतच गायले. शब्दाच्या शेवटचा ‘र’ लंडनकडची माणसं गिळून टाकतात. स्कॉटिश माणूस तो खणखणीत म्हणतो. १९८७ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये या ‘र’वरच एक गाणं आहे!

तुम्ही म्हणाल, “बाई, मग परीक्षेत ‘डोया’ लिहू का?” नाही रे बाबांनो! परीक्षेत ‘डोळा’च लिहायचं. सगळ्या महाराष्ट्राला कळावी म्हणून प्रमाण मराठी हवी. ती शिकायचीच. पण घरचे कपडे वेगळे आणि शाळेचा गणवेश वेगळा, तसंच आहे हे. गणवेश मिळाला म्हणून घरचे कपडे कुणी जाळून टाकत नाही.

पालकांनाही एक सांगणं. पाहुण्यांसमोर आजी ओवी म्हणू लागली की “राहू दे, आई” असं म्हणून तिला थांबवू नका. मूल ते ऐकतं, आणि आपल्या घरच्या बोलीची लाज वाटून घ्यायला तिथंच शिकतं.

या आठवड्याचा गृहपाठ : आजीकडून किंवा शेजारच्या काकूंकडून एक ओवी नाहीतर पाळणा ऐका. त्या म्हणतील अगदी तसाच लिहून घ्या. एक अक्षरही सुधारायचं नाही! शब्द अडला तर त्यांनाच विचारा. आणि मग मोठ्यानं म्हणा. नुसते ओठ हलवायचे नाहीत, बरं का!

तुमच्या,
बाई